वांग्यात अळी काही केल्या हटेना, नऊ फवारण्या झाल्या, काय चुकतंय?

कृष्णाकाठ_मळा | 3 सप्टेंबर, रात्री 9:12

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. आमचं वाळवा तालुक्यात 20 गुंठे वांगं आहे, हिरवं काटेरी, जूनच्या पहिल्या आठवड्यात लागण केली, तीन हजाराच्या आतबाहेर झाडं असतील. घरचे कारखान्यावर कामाला आहेत त्यामुळं रान मीच बघते, सोबत सासूबाई आणि तोडणीला दोन बायका. झाडं अशी जोमात आहेत की बघणाऱ्याला वाटावं काय माल निघत असेल, पण दर तोड्याला सहा कॅरेट निघाले तर त्यातले दोन किडके. निवडून पाठवते तरी परवा अडत्यानं माझ्यासमोर एक वांगं चिरलं, वरून नितळ, चकचकीत, आणि आत अळी. बोलला काहीच नाही, सगळ्या कॅरेटचा भाव मात्र पाडला.

आत्तापर्यंतच्या नऊ फवारण्या वहीत लिहून ठेवल्यात. इमामेक्टीन तीनदा, लॅम्बडा दोनदा, क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल दोनदा, फ्लुबेन्डामाइड एकदा आणि एकदा प्रोफेनो-सायपर एकत्र. दर आठ दिवसाला किडकं वांगं घेऊन दुकानात जायचं, ते बघतात आणि नवीन बाटली देतात. फवारलं की दोन दिवस बरं वाटतं, मग परत शेंडे माना टाकलेले. आता दहावी मारायची का प्लॉट मोडायचा हेच कळेना झालंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

खानदेशी_भरीत | 3 सप्टेंबर, रात्री 9:50

ताई आमच्याकडे पण हेच चालू आहे, भरताचं वांगं आहे, एका वांग्याचं वजन चांगलं भरतं म्हणून एक किडलं तरी जीव जळतो. मी सध्या डोस दीडपट करून मारतोय आणि दोन औषधं एकत्र करतोय, थोडा फरक वाटतोय. संध्याकाळी मारून बघा.

मळेवाले_काका | 3 सप्टेंबर, रात्री 10:35

ताई, दहावी फवारणी आत्ता नको. आणि खानदेशी भाऊ, डोस दीडपट करू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. तीस वर्षं पीक संरक्षणाच्या कामात गेली माझी, आता घरचं रान बघतो, आणि वांगं जेवढं विनाकारण फवारलं जातं तेवढं दुसरं पीक मी बघितलेलं नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. वांग्यावर आपल्याला जे मोठं भोक दिसतं ते अळी आत शिरल्याचं नसतं, ती बाहेर पडल्याचं असतं. शिरते तेव्हा ती केसाएवढी असते, देठाच्या टोपीखालून नाहीतर कोवळ्या सालीतून जाते आणि मागं आपल्याच विष्ठेनं भोक बुजवून टाकते, नंतर फळ वाढतं तशी ती खूण पण मिटते. म्हणजे भोक बघून तुम्ही पंप पाठीवर घेता तेव्हा ती अळी कधीच खाली जाऊन कोषात गेलेली असते, आणि जी आत आहे तिच्यापर्यंत तुमचं पाणी पोचत नाही.

उद्या सकाळी एवढं करा. रानात पाच ठिकाणं धरा, चार कोपरे आणि मध्य, बांधाकडेची पहिली ओळ सोडून. प्रत्येक ठिकाणी चार झाडं बघा, मान टाकलेले शेंडे मोजा, खुडा, उभे चिरून बघा. मग भोक असलेली आणि भोक नसलेली सारखी वांगी घेऊन कापा. आकडे इथं टाका.

कृष्णाकाठ_मळा | 4 सप्टेंबर, दुपारी 1:20

काका, सकाळी सासूबाईंना घेऊन गेले, हे आकडे.

20 झाडं बघितली, त्यातल्या 14 झाडांचे शेंडे मान टाकलेले, एकूण 31 शेंडे. ब्लेडनं उभे चिरले. 22 शेंड्यांत अळी सापडली, बाकीच्या 9 मध्ये नुसता पोकळ काळा गाभा. वांगी 12 भोकाची आणि 12 बिनभोकाची कापली. भोकाच्या 12 पैकी 9 मध्ये अळीच नव्हती, नुसता काळा बोगदा आणि आत ओली भुकटी. बिनभोकाच्या 12 पैकी 4 मध्ये अळी निघाली!! अंगानं गुलाबीसर, डोकं तपकिरी, मोठी होती ती बोटाच्या पेराएवढी आणि शेंड्यातली तांदळाच्या दाण्यासारखी. सासूबाई म्हणाल्या, आपण एवढे दिवस रिकाम्या घरावर औषध मारत होतो. मला रात्रीपर्यंत तेच आठवत राहणार.

मळेवाले_काका | 4 सप्टेंबर, दुपारी 3:05

शाब्बास ताई. असे आकडे रानातून आले की बोलायला बरं वाटतं. आता नीट वाचा, लांबणार आहे.

ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. हिचा पतंग छोटा, पांढरा, पंखांवर तपकिरी गुलाबी डाग, दिवसा पानाआड दडतो म्हणून तुम्हाला दिसत नाही. रात्री मादी पानाच्या खाली, कोवळ्या शेंड्यावर, कळीवर एकेक सुटं अंडं घालते. तीन ते सहा दिवसांत अंडं फुटतं आणि काही तासांतच अळी आत. म्हणजे ती उघड्यावर असते ती एवढीच वेळ. आत दोन-तीन आठवडे खाते, मग बाहेर येऊन खाली पडलेल्या वाळक्या पानात, बुंध्याजवळ, राखाडी रंगाचा कोष करते आणि आठ-दहा दिवसांत परत पतंग. थंडीत हे सगळं लांबतं.

फळ लागायच्या आधी ती शेंड्यात असते, फळ आलं की तिला फळ जास्त आवडतं. म्हणून शेंडा मान टाकलेला दिसणं ही तुमची संधी आहे, कारण 31 पैकी 22 शेंड्यांत अळी तुमच्या हातात होती! एवढा नेमका मार कुठलीच बाटली देत नाही.

तर करायचं काय. आठवड्यातून दोनदा, ठरवून, मान टाकलेला प्रत्येक शेंडा अळी गेली तिथून बोटभर खालून खुडायचा. खुडलेलं सरीत टाकायचं नाही, बांधावर नाही, उकिरड्यावर नाही. पिशवीत घ्या, गच्च बांधा, उन्हात ठेवा नाहीतर जाळा. किडकी वांगी पण तशीच. आपल्याकडे किडका माल बांधावर ओततात आणि चार दिवसांनी त्यातूनच अळ्या निघून कोषात जातात, हे मी असंख्य वेळा बघितलंय. शेंडा खुडला म्हणून घाबरू नका, बाजूनं फुटवा येतो.

दुसरं, कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग ओढायचे. वांग्याच्या अळीची गोळी वेगळी मिळते, ल्युसिन ल्यूर म्हणून मागा. नुसतं लक्ष ठेवायला एकरी पाच पुरतात पण तुमच्याकडे आता प्रादुर्भाव जास्त आहे, नर भरपूर पकडायचे असतील तर एकरी 40 च्या हिशोबानं 20 गुंठ्याला 20 लावा. सापळा शेंड्याच्या जरा वर ठेवायचा आणि झाड वाढेल तसा वर सरकवायचा. गोळीला औषधाचा किंवा तंबाखूचा हात लावू नका, आणि पाकिटावर दिलेल्या मुदतीला बदला, बरेच जण एकदा लावून हंगामभर बघत नाहीत.

तिसरं तुमच्या वहीबद्दल. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल आणि फ्लुबेन्डामाइड ही नावं दोन, बाटल्या दोन, पण गट एकच, 28 नंबरचा, कीटकाच्या शरीरात मार एकाच जागी. तुम्ही औषध बदललं असं तुम्हाला वाटलं, अळीला नाही. लॅम्बडा आणि सायपर हे पण एका गटातले, 3 अ. शिवाय या सिंथेटिक पायरेथ्रॉइडनं मित्रकीटक आधी मरतात आणि मग पांढरी माशी आणि लाल कोळी (जाळं विणणारा मोठा कोळी नाही, पानातला रस शोषणारा अगदी बारीक जीव) उसळतात. पानाखाली बारीक जाळी दिसते का, बघून सांगा.

कृष्णाकाठ_मळा | 4 सप्टेंबर, रात्री 8:40

हो काका, खालच्या पानांना पांढरट ठिपके आणि बारीक जाळी आहे, मला वाटलं धूळ बसलीय.

रानवारा_विदर्भ | 4 सप्टेंबर, रात्री 9:15

काकांनी कोळ्याचा विषय काढला म्हणून लिहितो. माझ्याकडे मिरची आहे, मागच्या वर्षी चुरडा-मुरडा आला आणि मी महिनाभर थ्रिप्सचं औषध मारून राहिलो, पान काही सरळ होईना. मग एका जाणत्या माणसानं शेतात येऊन दाखवलं, पान वर वळून वाटीसारखं झालं तर थ्रिप्स म्हणजे फुलकिडे, आणि पान खाली वळलं, अरुंद झालं, देठ लांबला तर कोळी. माझं अर्धं शेत खाली वळलेलं होतं. कोळी हा कीटकच नाही भाऊ, आठ पायाचा, त्याला कोळीनाशकच लागते.

आता मी सकाळी सात-आठ वाजता पांढरा कागद घेऊन जातो, शेंडा आणि फूल त्यावर टकटक झटकतो. पिवळसर, काळे, लांबट, कागदावर पळणारे असले तर थ्रिप्स. पण मिरचीचा कोळी कागदावर दिसत नाही, भिंगानं शेंड्याच्या पानाखाली बघा लागते. 2021 ला तेलंगणा-आंध्रात जे काळे थ्रिप्स फुलात बसून मिरचीच्या मिरच्या झाडून गेले तेव्हापासून फूल झटकल्याशिवाय मी घरी येत नाही. दहा रुपयाचं भिंग घ्या सगळ्यांनी.

आणि एक. फवारताना तोंडाला नुसता गमछा बांधू नका. 2017 मध्ये आमच्या बाजूला यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन किती माणसं गेली ते सगळ्या देशानं पाहिलं. त्यातली बरीचशी रोजानं फवारायला गेलेली होती. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून नाही, आणि फवारणी झाली की आंघोळ करूनच भाकरीला बसायचं.

गच्चीवरची_भाजी | 5 सप्टेंबर, सकाळी 7:30

नमस्कार, मी शेतकरी नाही, ठाण्याला गच्चीवर 40 कुंड्या आहेत, त्यात सहा वांग्याच्या. वाचून वांगी कापली, अळी नाही, पण पानांवर भरपूर लेडीबर्ड आलेत, खूप आनंद झाला! विटकरी रंगाचे, पाठीवर बरेच काळे ठिपके. पानं मात्र जाळीसारखी होत चाललीत, ते कशानं असेल?

मळेवाले_काका | 5 सप्टेंबर, सकाळी 9:10

ताई, ते लेडीबर्ड नाहीत, त्यांच्या कुळातले पण पान खाणारे एपिलॅक्ना भुंगेरे आहेत. पानाची जाळी तेच करतात. फरक असा बघा, मित्र ढालकिडा, म्हणजे खरा लेडीबर्ड, चकचकीत असतो, तेल लावल्यासारखा, आणि हात लावला की तुरुतुरु पळतो. एपिलॅक्ना मळकट, अंगावर बारीक लव, ठिपके 12 नाहीतर 28, आणि पानावर निवांत बसून राहतो. पानाखाली पिवळी काटेरी अळी दिसेल, उभ्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके पण दिसतील. सहा कुंड्यांना औषध कशाला, सकाळी हातानं वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका, अंड्यांचं पान खुडा, आठवड्यात संपेल.

उलट पण होतं. मित्र ढालकिड्याची अळी काळी-राखाडी, वर नारिंगी ठिपके, लांबट, छोट्या मगरीसारखी दिसते. ती मावा खाते. लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ती दिसली तर हात जोडून पुढं जा.

गच्चीवरची_भाजी | 5 सप्टेंबर, सकाळी 10:02

पानं उलटून बघितली, पिवळ्या काटेरी अळ्याच आहेत. गेल्या महिन्यात मी शेवग्यावरच्या काळ्या मगरीसारख्या अळ्या मारल्या होत्या, त्याचं आता फार वाईट वाटतंय. मनापासून आभार.

खानदेशी_भरीत | 5 सप्टेंबर, रात्री 8:25

काका तुमचं ऐकून मी पण कापली वांगी, तोच प्रकार. डोस वाढवणं बंद. पण एक विचारायचं होतं, क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलच्या बाटलीबरोबरचं माहितीपत्रक आज पहिल्यांदा नीट वाचलं, त्यात टोमॅटोला फवारणी ते तोडणी 3 दिवस आणि वांग्याला 22 दिवस लिहिलंय. वांगं तर आम्ही दर चार-पाच दिवसाला तोडतो, मग 22 दिवस कसे पाळायचे?

मळेवाले_काका | 5 सप्टेंबर, रात्री 9:00

भाऊ, बरोबर जागी बोट ठेवलंत. तोडा चालू झाल्यावर ते पाळता येत नाही, म्हणून ते औषध वापरायचंच असेल तर तोडा सुरू व्हायच्या आधी, शेंडे पडायला लागतात तेव्हा. तोडा चालू असताना गरज पडलीच तर ज्याच्या पत्रकावर वांग्याला कमी दिवस आहेत ते. इमामेक्टीनला वांग्यासाठी 3 दिवस दिलेत. म्हणजे आज तोडा, संध्याकाळी फवारा, आणि पुढचा तोडा तीन दिवस पूर्ण झाल्यावरच. पण मागच्या आठवड्यात तेच मारलं असेल तर परत तेच नाही. आणि पत्रकावर वांग्याचं नाव नसेल तर कितीही भारी औषध असलं तरी वांग्यावर नाही, कापसाची औषधं भाजीवर येतात ती इथूनच.

कृष्णाकाठ_मळा | 5 सप्टेंबर, रात्री 10:48

हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल मी दोन्ही वेळा तोडा चालू असताना मारलंय आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माल तोडलाय. तो माल लोकांच्या घरात गेला, आणि किडकं कापून उरलेलं आम्ही घरात खाल्लं, माझी दोन्ही पोरं भरलं वांगं आवडीनं खातात. दुकानात कधी कुणी दिवस सांगितले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. आता वहीत फवारणीच्या पुढं "तोडा कधीपासून" असा रकाना आखलाय, तो भरल्याशिवाय पंपात पाणी घालणार नाही.

लिंबाचं_झाड | 6 सप्टेंबर, सकाळी 6:50

ताई, अंडी आणि नुकत्या फुटलेल्या अळीवर निंबोळी अर्क घ्या. आमच्याकडे (मोहोळ, सोलापूर) वांगं, भेंडी, दोडका सगळ्याला आम्ही हाच धरतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळीचा भरडा नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबण वेगळा भिजवायचा. सकाळी भरडा चांगला ढवळून फडक्यातून पिळून घ्यायचा, साबणाचं पाणी त्यात मिसळायचं आणि एकूण 100 लिटर करायचं. हा झाला पाच टक्के अर्क. त्याच दिवशी संपवायचा, आणि फवारायचा संध्याकाळी, उन्हानं त्याची ताकद जाते. निंबोळ्या मे-जूनमध्ये झाडाखालून वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवतो. जुन्या वर्षाच्या निंबोळ्या वापरू नका, आणि बुरशी लागलेल्या तर अजिबात नको.

खानदेशी_भरीत | 6 सप्टेंबर, दुपारी 12:15

दादा मी निंबोळी अर्क मारून बघितलाय, एक पण अळी मेली नाही.

लिंबाचं_झाड | 6 सप्टेंबर, दुपारी 12:40

भाऊ, तो मारून टाकणारा नाही. त्यानं मादी अंडं घालायला कचरते, अळीचं खाणं सुटतं, कात नीट टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी मेलेली अळी शोधायला गेलात तर निराशाच होणार. लागणीनंतर पहिला शेंडा पडायच्या आधीपासून दहा-बारा दिवसाला घेतला तर फरक दिसतो, आत शिरलेल्या अळीला तो काही करत नाही.

जुन्नरी | 6 सप्टेंबर, रात्री 8:00

वांग्याचा धागा आहे पण टोमॅटोवाले पण वाचत असतील म्हणून लिहितो. टोमॅटोच्या पानावर पांढरं काही दिसलं की आमच्याकडे सगळे नागअळी म्हणतात, ते दोन वेगळे किडे आहेत. खरी नागअळी पानात सापासारखी वळणदार बारीक रेघ काढते, नुकसान बहुतेक पानापुरतं. टुटा मात्र पानाचा मोठा पापुद्रा करते, उजेडात धरलं तर आत अळी आणि काळी विष्ठा दिसते, आणि नंतर फळात देठाजवळ टाचणीच्या टोकाएवढं भोक. हा टुटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, भारतात पहिल्यांदा सापडला तो 2014 ला आपल्या पुणे जिल्ह्यातच. आणि फळात अर्धी आत अर्धी बाहेर अशी लठ्ठ अळी दिसली तर ती घाटे अळी, हरभऱ्यातली. तिघींची औषधं, सापळ्याच्या गोळ्या सगळं वेगळं. घाटे अळीसाठी आम्ही टोमॅटोच्या सोळा ओळींमागं एक ओळ झेंडू लावतो, रोप टोमॅटोपेक्षा जुनं घ्यायचं, 45 दिवसांचं, म्हणजे दोघांची फुलं एका वेळी येतात आणि मादी अंडी झेंडूवर घालते.

वसईची_वाडी | 7 सप्टेंबर, सकाळी 8:20

गोळीवरून आठवलं. कारल्याला फळमाशी, म्हणून मी सापळे आणले, वीस दिवस एकही कारल्याची माशी नाही, मी म्हटलं सापळेच बोगस. नंतर कळलं की मला दिलेली गोळी मिथाइल युजेनॉलची, ती आंबा-पेरूच्या माशीची. कारलं, दोडका, काकडी, दुधी यांना क्यू ल्यूर लागतं. गोळी बदलली, दुसऱ्या सकाळी डबा भरलेला. सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळं डंख मारलेली वाकडी कारली गोळा करून दोन फूट खड्ड्यात पुरणं तरी चालूच ठेवावं लागतं.

नवा_शेतकरी_नाशिक | 7 सप्टेंबर, रात्री 9:30

एवढं सगळं करण्यापेक्षा बीटी वांगं, म्हणजे जनुक बदलून ही अळी लागू नये असं केलेलं वाण, का नाही लावत? बांगलादेशात लावतात ना.

मळेवाले_काका | 7 सप्टेंबर, रात्री 10:10

भाऊ, ते वाण तयार झालं ते आपल्याच जालन्याच्या महिको कंपनीकडं. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या समितीनं हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली, ती अजून आहे. बांगलादेशानं 2013 मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे ते लावणं बेकायदा आहे, कुणी गुपचूप बी देत असेल तर घेऊ नका. बरोबर की चूक ह्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. पण त्यानं फक्त ही अळी अडते, तुडतुडे, पांढरी माशी, कोळी राहतातच, म्हणजे पान उलटून बघायचं काम सुटत नाही.

कृष्णाकाठ_मळा | 19 सप्टेंबर, रात्री 9:05

पंधरा दिवसांचा हिशोब द्यायला आलेय. 6 तारखेला 20 सापळे लावले, पाण्याचे, पाण्यात थोडी साबणपावडर. पहिल्या रात्री 20 सापळ्यांत मिळून 47 पतंग. मी पहिल्यांदाच तो पतंग एवढ्या जवळून बघितला, पांढराशुभ्र, शेपूट वर करून बसलेला, एवढुसा जीव. सोमवार आणि गुरुवार शेंडे खुडायचे ठरवले, पहिल्या दिवशी दोन बायका आणि मी, चार तास, खताच्या तीन गोण्या भरल्या. गोण्या तोंड शिवून उन्हात टाकल्या. काल गुरुवारी सव्वा तासात रान फिरून झालं, एक गोणीही भरली नाही. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक एकदा घेतलं, नवीन पानं स्वच्छ आलीत. अळीसाठी निंबोळी अर्क दोनदा, बाटली एकही नाही.

पण एक गोष्ट लक्षात आली. पश्चिमेकडच्या पाच सापळ्यांत पतंग कमीच होत नाहीत, बाकीचे जवळजवळ रिकामे. तिकडं चुलत दिरांचा जुना वांग्याचा प्लॉट आहे, जानेवारीतला, तोडा बंद करून तसाच उभा ठेवलाय, आणि मागच्या वर्षीच्या वांग्याच्या वाळलेल्या काड्या चुलीसाठी बांधावर रचून ठेवल्यात.

मळेवाले_काका | 19 सप्टेंबर, रात्री 9:40

सापडलं. तो उभा प्लॉट म्हणजे पतंगांची गोठण आहे, आणि जुना माल काढल्यावर लगेच रचलेल्या काड्यांत कोष राहतात, त्यातून पतंग निघतात. दिरांना सापळ्यातले पतंग नेऊन दाखवा, भांडणाच्या सुरात नको. त्यांनाही पुढं वांगं लावायचं असेलच.

कृष्णाकाठ_मळा | 20 सप्टेंबर, रात्री 8:15

बाटलीत पाण्यासकट पतंग घेऊन सासूबाईच गेल्या. भावोजी आधी म्हणाले, वांगं म्हटलं की अळी आलीच. मग सासूबाईंनी त्यांच्याच प्लॉटमधली दहा वांगी त्यांच्यासमोर चिरली, सात किडकी निघाली. येत्या रविवारी रोटर मारतो म्हणालेत, आणि काड्या आधी जाळायच्या.

रानवारा_विदर्भ | 20 सप्टेंबर, रात्री 8:50

आजीबाईंना माझा दंडवत सांगा.

कृष्णाकाठ_मळा | 18 ऑक्टोबर, रात्री 9:30

महिन्यानं आलेय. भावोजींचा प्लॉट मोडून तीन आठवडे झाले. पश्चिमेच्या सापळ्यांत आता आठवड्याला सगळे मिळून चार-सहा पतंग. कालच्या तोड्याला आठ कॅरेट निघाले, त्यात किडकं निवडून पाऊण कॅरेट. मधल्या पावसात शेंडे परत वाढले होते तेव्हा पत्रक बघून, तोडून, मग इमामेक्टीन एकदाच घेतलं, आणि पुढचा तोडा पाचव्या दिवशी. सहा आठवड्यांत ती एकच. परवा अडत्यानं परत वांगं चिरलं, एक नाही तीन, आणि काही न बोलता ती कॅरेट चांगल्या मालाच्या थप्पीला लावली. घरी आल्यावर पोरांसाठी भरली वांगी केली, बऱ्याच दिवसांनी बिनधास्त.

ओळीतल्या एका शेंड्यात अळीऐवजी बारीक लांबट कोष आणि मेलेल्या अळीचं टरफल सापडलं, ते काय असेल काका?

मळेवाले_काका | 18 ऑक्टोबर, रात्री 10:00

ताई, बहुतेक परजीवी गांधीलमाशीचा कोष आहे तो. ह्या अळीवर ट्रॅथाला नावाची बारीक माशी जगते, शेंड्यातल्या अळीच्या अंगात अंडं घालते. सारखी फवारणी असली की ती दिसत नाही, फवारणी थांबली की परत येते. तसा शेंडा सापडला तर गोणीत टाकू नका, बारीक जाळीच्या पिशवीत घालून रानातच टांगा, माशी जाळीतून बाहेर पडेल, अळीचा पतंग आत अडकेल.

खानदेशी_भरीत | 18 ऑक्टोबर, रात्री 10:20

ताई माझे पण किडके निम्म्यावर आलेत, सापळे उशिरा लावले म्हणून अजून आहेत थोडे. काका, वांग्यानंतर 10 गुंठे कोबी लावायचाय, त्यात तो चौकोनी ठिपक्याचा पतंग फार येतो, मोहरी लावा म्हणतात, ती कधी पेरायची?

मळेवाले_काका | 18 ऑक्टोबर, रात्री 10:35

कोबीच्या 25 ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी धरा. पहिली ओळ कोबीच्या लागणीच्या 15 दिवस आधी पेरा, दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे पहिली जून होईपर्यंत दुसरी कोवळी तयार असते. पतंग मोहरीवर अंडी घालतो, तिथंच अळ्या गोळा होतात. फवारायची वेळ आलीच तर आधी मोहरीवर. रोपं टाकली की इथंच सांगा, सापळ्याची गोळी कुठली मागायची ते लिहितो.